इंग्रजीच्या तासाला आमच्या मुलांचे मत विचारा!

मांजरसुंब्याजवळचे कपिलधार म्हणजे मन्मथ स्वामींचे समाधिस्थान. कार्तिक पौर्णिमेला येथे मोठी यात्रा भरते. स्वामींनी वीरशैव विचार मराठीत मांडला, म्हणून तो सामान्यांच्या घरात पोहोचला. आम्ही मात्र या भागात दर्शनासाठी गेलो नव्हतो. एका शाळेत नववीच्या वर्गाशी बोलायला गेलो होतो.

तास इंग्रजीचा होता. “हा धडा तुला कसा वाटला?” असे आम्ही एका मुलीला विचारले. तिने गाईडमधले उत्तर घडाघडा म्हणून दाखवले. “हे गाईडचे झाले. तुझे काय?” मुलगी गप्प! तिचे आईबाप दर दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, ती आजीजवळ राहून शिकते. तिला मत नाही असे कोण म्हणेल? ते तिला आजवर कोणी विचारलेच नव्हते.

मग आम्ही बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी आत्मकथनातला मराठवाड्यातलाच प्रसंग सांगितला. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. प्रवासाची धूळ धुण्यासाठी काहींनी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले. हौद बाटवला म्हणून तेथील मुसलमान जमाव अंगावर धावून आला. अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला हे पाणी घेऊ द्याल की नाही, असे बाबासाहेबांनी विचारताच जमाव निरुत्तर झाला. पुढे आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर प्रवेश मिळाला आणि पाळतीला हत्यारबंद शिपाई दिला गेला.

वर्ग जागा झाला. एक मुलगा म्हणाला, “पाणी तेच, माणूस तोच. धर्म बदलल्यावर बाट जातो, म्हणजे बाट पाण्यात नव्हताच, सांगणाऱ्याच्या डोक्यात होता.” तेव्हा तीच गप्प बसलेली मुलगी उठली. “पण लोक गप्प झाले, बदलले कुठे? शिपाई दिलाच की मागे!” मग आम्ही विचारले, या लेखनाला ‘व्हिसा’ नाव का? ती म्हणाली, “आपल्याच देशात फिरायला परवानगी लागत होती म्हणून.”

साहित्याचा अर्थ लावणे म्हणजे याहून वेगळे काय असते? तेच मत तिने नंतर दोन मोडक्यातोडक्या इंग्रजी वाक्यांत फळ्यावर लिहिले. स्पेलिंग चुकले, विचार चुकला नव्हता.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. पण इंग्रजी येणे म्हणजे नोकरीचा अर्ज भरता येणे, एवढाच अर्थ आपणही धरून बसलो आहोत. बाबासाहेबांनी इंग्रजी कशासाठी वापरली? १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला त्यांच्या भाषणातला मजकूर अडचणीचा वाटला. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला, परिषद रद्द झाली, आणि ते भाषण त्यांनी स्वतः छापले. गांधीजींनी टीका केली तेव्हा तिलाही मुद्देसूद उत्तर दिले. ही होती इंग्रजी! हुजरेगिरीची नव्हे, हुज्जत घालण्याची.

हीच परंपरा नागसेनवनात रुजली. मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. म. ना. वानखेडे इंग्रजीचे प्राध्यापक होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी त्यांनी आपल्या लेखकांचे नाते जोडून दिले. इंग्रजीच्या वर्गातला विचार दलित साहित्याच्या चळवळीला बळ देऊन गेला, हे विसरून कसे चालेल?

म्हणून आमचे शिक्षकांना सांगणे आहे, मताला गुण द्या. ‘मला हे पटत नाही, कारण...’ एवढे वाक्य प्रत्येक मुलाला इंग्रजीत म्हणता आले पाहिजे. आणि ‘कारण’ पाठातूनच दाखवता आले पाहिजे, नुसती आरडाओरड नको. समाजबांधवांनाही सांगणे आहे, रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास या लेखनाचे एक पान मुलांसमोर ठेवा. अर्थ आपण सांगू नका, त्यांना सांगू द्या.

परंपरेने सांगितले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. मग गाईडमध्ये आहे म्हणून आमच्या लेकरांनी ते का स्वीकारावे?

जय भीम!