लायनर आरशासारखा चमकतोय? खूश होऊ नका!

शिराळ्यात ऊस ओढणारा ट्रॅक्टर निळसर धूर सोडू लागला, की समजा इंजिन ऑइल जाळतंय. इंजिन खोललं तर लायनरच्या आत टॉर्च मारून बघा.

नव्या लायनरवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा असतात. होनिंग करून त्या मुद्दाम पाडतात, कारण त्यांत ऑइल टिकतं. वरच्या टोकाला, जिथं पिस्टन रिंग थांबून मागं फिरते, तिथल्या रेघा आधी पुसतात. उभे ओरखडे दिसले, तर बहुतेकदा धूळ आत गेलेली असते. एअर फिल्टर तपासा.

प्रयोगशाळेत हाच खडबडीतपणा हिऱ्याच्या टोकाची सुई फिरवून मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या 1,000व्या भागात मोजतात.

लायनर बदलायचा की नुसतं होनिंग पुरेल, हे मात्र बोअर गेजनं माप घेऊनच ठरवा. नुसत्या चमकेवर पैसे घालवू नका.