पुराची बॅग: चाकू-दोरी राहू द्या, आजोबांचा दाखला घ्या

पावसाळा आला की "72 तास जगवणारी बॅग" असे रील्स फिरायला लागतात. त्यात चाकू असतो, चकमक असते, मासे पकडायचा गळसुद्धा असतो. बघायला भारी वाटतं, पण ती बॅग जंगलात हरवलेल्या माणसाची आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात माणूस जंगलात हरवत नाही, स्वतःच्याच गावात अडकतो. त्यामुळे बॅगही वेगळी लागते.

22 जुलै 2023, शनिवार आठवा. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पाण्याने वेढा घातला. सुरुवातीच्या बातम्यांत 45 लोक अडकल्याचा आकडा होता, आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं बोलवायची वेळ आली. आता अशा वेळी काय काय होतं बघा. पाणी बहुतेक रात्री चढतं, लाईट जाते, थोड्या वेळाने टॉवरही जातो. लोक उंचावरच्या घरात नाहीतर झेडपीच्या शाळेत जमतात आणि वाट बघत बसतात. पाणी ओसरलं की चिखल, मग तलाठी, पंचनामा, बँक, तहसीलच्या चकरा. म्हणजे बॅगेला दोन कामं आहेत: ती एक रात्र काढणं, आणि नंतरचे सहा महिने काढणं. रीलवाले पहिल्या कामातच खुश असतात.

रात्रीचं पटकन सांगतो. टॉर्च, शक्यतो डोक्याला बांधायचा, म्हणजे हात मोकळे राहतात. शिट्टी, कारण ओरडून घसा बसतो. घरातल्या म्हाताऱ्यांच्या बीपी-शुगरच्या आठवड्याच्या गोळ्या, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो. ओआरएसची पाकिटं, क्लोरीनच्या गोळ्या, सॅनिटरी पॅड, लहान मूल असेल तर त्याचं जे लागतं ते. खायला फुटाणे, गूळ, मुरमुरे. शिजवायची भानगड नको. पाणी जड असतं, 1 लिटर म्हणजे 1 किलो, म्हणून माणशी एक-दोन बाटल्या पुरे. बॅग एवढीच भरा की आजीला हाताला धरून ती पाठीवर घेता आली पाहिजे.

पॉवर बँकेचा हिशोब मात्र इंजिनिअर म्हणून सांगायलाच पाहिजे. डब्यावर 10,000 एमएएच लिहिलेलं असतं, ते आतल्या सेलच्या 3.7 व्होल्टवर. बाहेर 5 व्होल्ट करताना थोडी ऊर्जा वाया जाते. 5,000 एमएएचचा फोन त्यात साधारण दीड वेळा चार्ज होतो, दोनदा नाही. आणि टॉवर गेला की फोन रेंज शोधत बसतो, बॅटरी तिथेच संपते. तेव्हा एअरप्लेन मोडवर टाका आणि तासाभराने एकदा चेक करा. घरात जुना बटणांचा फोन असेल तर फेकू नका भाऊ, तो या कामात स्मार्टफोनचा बाप आहे. 112 आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा 1077 कागदावर लिहून बॅगेत टाका.

आता कागदपत्रं. सगळे म्हणतात, "आधार घ्या, सातबारा घ्या." घ्या, पण घाबरू नका. आधार डिजीलॉकरमध्ये आहे, सातबारा ऑनलाइन निघतो. सर्व्हरवर ज्याची कॉपी आहे ते भिजलं तरी परत मिळतं. खरी अडचण आहे ती ज्याची कॉपीच कुठे नाही त्याची. आजोबांचा शाळेचा दाखला, जुन्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, जुनी खरेदीखतं. जात पडताळणीला विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा लागतो, ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. असा एक पिवळा पडलेला कागद बऱ्याच घरांत पत्र्याच्या पेटीत तळाला असतो. पेटीत पाणी शिरलं की लगदा होतो, आणि त्याच्यावर घरातल्या पोरीची मेडिकलची नाहीतर इंजिनिअरिंगची सीट अवलंबून असते. तो कागद आज स्कॅन करा, ओरिजनल झिपच्या पिशवीत घाला, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. लॅमिनेशन करू नका, जुना कागद गरम रोलरमध्ये खराब होतो. सोनं गहाण असेल तर त्याची पावती, आजाऱ्याची फाइल, दुकान असेल तर उधारीची वहीसुद्धा याच पिशवीत.

पंचनाम्यासाठी घराचे, गोठ्याचे, शेताचे फोटो पावसाळ्याआधीच काढून ठेवा. नुकसान दाखवताना "आधी काय होतं" हे दाखवता आलं तर बोलायला आधार मिळतो. जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यावरचा 12 अंकी नंबरही फोटोत घ्या. आणि पाणी चढायला लागलं की दावं सोडा. मोकळं जनावर पोहून उंचावर जातं, बांधलेलं खुंट्यालाच मरतं.

एक गोष्ट बॅगेत मावत नाही. 28 सप्टेंबर 2021 ला उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावर पुलावरून पाणी वाहत असताना एसटी बस घातली, ती वाहून गेली, माणसं गेली. एवढी मोठी बस! तुमची स्प्लेंडर काय टिकणार? पुलावरून पाणी दिसलं की अलीकडेच थांबायचं, बॅग असो नाहीतर नसो.

राहता राहिली बॅग ठेवायची जागा. दिवाणाखाली नाही, पेटीत नाही. दाराजवळच्या खुंटीवर, उंच, घरातल्या प्रत्येकाला माहीत असेल अशी. दर जूनला पोरांची नवीन वह्या-पुस्तकं आणाल त्या दिवशी ती खाली काढा, गोळ्यांच्या तारखा बघा, पॉवर बँक चार्ज करा, फुटाणे खाऊन टाका आणि ताजे भरा.