धंदा काढायचा, मग पदवी कोणती घ्यायची?

बारावीचा निकाल लागला की ऊसनोंदीसाठी गावोगाव फिरताना आम्हाला उसापेक्षा पोरांच्या शिक्षणाचेच प्रश्न जास्त विचारले जातात. पूर्वी प्रश्न एकच असे : "साहेब, नोकरी कशात लवकर लागंल?" अलीकडे भोरच्या बाजारात आणि वेल्ह्याच्या खोऱ्यात निराळे ऐकू येते. "पोरगं म्हणतं नोकरी नको, स्वतःचा धंदा काढायचा. मग त्याला घालायचं कशाला?" आणि त्यापाठोपाठ दबक्या आवाजात, "खासगी कॉलेजच्या फीसाठी रस्त्याकडेचं रान काढावं का?" या दुसऱ्या प्रश्नामुळेच हे चार शब्द लिहीत आहोत.

सभासद बंधू-भगिनींनो, ज्यांची इंजिने आपल्या भागातल्या विहिरींवर वर्षानुवर्षे धडधडली, त्या किर्लोस्करांचेच घर पाहा. लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हटल्यावर यंत्रांच्या आराखड्यांच्या चित्रकलेकडे वळले. १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले, पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते या समजुतीने शेतकरी नांगराला हात लावीनात, तरी गडी मागे हटला नाही. १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. इंजिनिअरची पदवी त्यांच्यापाशी नव्हती.

पण त्याच लक्ष्मणरावांनी मुलगा शंतनुराव याला अमेरिकेत एम. आय. टी. या संस्थेत धाडले. १९२६ साली तो मेकॅनिकल इंजिनिअर होऊन परतला आणि १९४६ साली पुण्यात ऑईल इंजिनांची कंपनी उभी राहिली. नांगर डोळ्याने आणि हाताने सुधारता आला. इंजिनाला गणित लागते. बापाने मुलाचे शिक्षण ठरवले ते पुढे कारखान्यात काय बनवायचे आहे हे पाहून.

ठिबकवाले जळगावचे भवरलाल जैन मात्र इंजिनिअर नव्हते, वाणिज्य आणि कायदा शिकलेले. सरकारी नोकरी न धरता १९६३ साली सात हजार रुपयांवर रॉकेल विकायला लागले. मग खते, बियाणे, पाईप आणि पुढे ठिबक. उधारी, वसुली, करारमदार आणि बँकेचे कागद यांत आपली पोरे जिथे बुडतात, तिथे वाणिज्य शिकलेला माणूस तरतो. कॉमर्सला आपल्याकडे उगीच दुय्यम मानतात. आम्हाला ते पटत नाही.

काही धंद्यांत मात्र शिक्षण हाच परवाना. औषधाच्या दुकानाला फार्मसी लागते. कीटकनाशक विक्रीच्या परवान्याला कृषी, रसायनशास्त्र अशा विषयाचे शिक्षण लागते, आणि कृषी पदविकाही चालते (आमच्यासारख्यांची तेवढीच सोय!). उलट, २००८ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री रोजगार निर्मिती योजनेत दहा लाखांवरच्या उत्पादन प्रकल्पाला शिक्षणाची अट ठेवली ती आठवी पास. म्हणजे भातगिरणी, गुऱ्हाळ, पॅकिंग यासाठी पदवी कोणी मागत नाही. ती घ्यायची तर कामाची घ्यावी.

आपल्या दोन तालुक्यांत इंद्रायणी तांदूळ आहे, दूध आहे, शिरवळ-खेडशिवापूरची कारखानदारी हाकेच्या अंतरावर आहे. तांदळावर, फळावर प्रक्रिया करायची असेल तर अन्नतंत्रज्ञान पाहावे. औजारे, पंपदुरुस्ती, ड्रिल-जिगचे काम करायचे तर मेकॅनिकल किंवा कृषी अभियांत्रिकी. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्याला पुढे मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये साखर आणि मद्यार्क तंत्रज्ञानाचे शिक्षण घेता येते. मात्र अकरावीतच एक काळजी घ्या : अवघड जाते म्हणून पोर गणित सोडते आणि अभियांत्रिकीचे दार त्याच दिवशी बंद होते. मुलींच्या बाबतीत तर घरचेच सोडायला लावतात. ते करू नका.

आता रानाचा प्रश्न. नोकरी धरणाऱ्याची फी पगारातून फिटेल, निदान तशी आशा असते. धंदा करणाऱ्याला शिक्षण संपले की त्याच दिवशी भांडवल लागते. जमीन विकून सगळा पैसा फीत घातला तर पोराच्या हातात पदवी राहते, पण शेड बांधायला जागा राहत नाही आणि तारणाला सातबाराही राहत नाही. तेव्हा सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात साधा विषय मिळत असेल तर तो घ्यावा आणि रान राखावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. रस्त्याकडेचे रान तर मुळीच काढू नये, उद्याचे दुकान तिथेच उभे राहायचे आहे.

आणि प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी पोराला महिनाभर त्याच धंद्यातल्या एखाद्या ठिकाणी बिनपगारी कामाला घाला. गिरणी म्हणत असेल तर गिरणीत, वर्कशॉप म्हणत असेल तर वर्कशॉपमध्ये. मालक कशात अडतो, मशीनमध्ये, हिशेबात की गिऱ्हाइकात, हे त्याने वहीत लिहून आणावे. ती वही घेऊन बापलेक, मायलेक कोणीही आमच्याकडे आले तर बसून बोलू.