काळा रुपया, फोटो आणि ग्रेड

चांदीला गंज चढत नाही, पण ती काळी पडते. हे कळायला मेटलर्जी शिकावी लागत नाही, घरातले पैंजण आणि देव्हाऱ्यातलं निरांजन पुरेसं असतं. हवेत हायड्रोजन सल्फाइड अगदी नावापुरता असतो, पण चांदीला तेवढा चालतो. पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा पापुद्रा धरतो आणि वर्षानुवर्षे जाड होत जातो. नाणी जमवणारे याला टोनिंग म्हणतात.

मला जुन्या नाण्यांचा नाद आहे ही बातमी हॉस्टेलभर पसरल्यापासून मोबाईलवर फोटो येतात. काळाकुट्ट रुपया, मागे चादर किंवा जर्नलचं पान, आणि खाली प्रश्न : "भावा, कुठल्या ग्रेडचा आहे? केवढ्याला जाईल?" दर वेळी तेच उत्तर टाईप करण्यापेक्षा एकदाच छापून टाकावं म्हणून हा लेख. संपादकांनी पानं दिली, आभार.

आधी ग्रेड म्हणजे काय ते. १९४९ साली विल्यम शेल्डन या अमेरिकन गृहस्थाने त्यांच्याकडच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी काढली. कल्पना मजेशीर होती : १ ग्रेडच्या नाण्याला एक डॉलर मिळत असेल तर ७० ग्रेडच्या नाण्याला सत्तर. भावाचं हे गणित लवकरच कोलमडलं, मोजपट्टी मात्र टिकली. १९८६ पासून पीसीजीएस आणि १९८७ पासून एनजीसी या अमेरिकन कंपन्या नाणी तपासून, प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून त्यावर हाच आकडा छापतात. ढोबळ मानाने २० ते ३५ म्हणजे व्हीएफ, ४० आणि ४५ म्हणजे एक्सएफ, ५० ते ५८ म्हणजे एयू, आणि ६० पासून पुढे मिंट स्टेट, म्हणजे व्यवहारात न फिरलेलं नाणं.

आता मुद्द्याचं. हा आकडा दोन वेगळ्या गोष्टी पाहून ठरतो. एक उठाव, दुसरा पोत. राजाच्या मुकुटातले खडे, भुवई, कान, दाढीचे केस किती झिजलेत हा झाला उठाव. पोत म्हणजे धातूची वरची कातडी. टांकसाळीत चकती दोन डायमध्ये दाबली जाते तेव्हा धातू मधून कडेकडे वाहतो. या वाहण्याने डायवर सूक्ष्म रेषा पडत जातात आणि त्या पुढच्या नाण्यांवर उमटतात. नवं नाणं दिव्याखाली फिरवलं की या रेषांमुळे उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरतात. हीच ती मूळ झळाळी. चार दिवस खिशात खुळखुळलं की सगळ्यात आधी ही जाते, तीही उंचवट्यांवरून.

मोजपट्टीचा खालचा भाग जवळजवळ पूर्ण उठावावर चालतो. वरचा भाग पोतावर. ५५ आणि ६२ या दोन नाण्यांतला उठाव तुम्हा-आम्हाला सारखाच दिसेल. फरक असतो तो झळाळी किती शाबूत आहे आणि ओरखडे किती आहेत याचा. आणि जाड टोनिंग नेमकं यालाच झाकतं. म्हणून माझं ठाम मत असं, की खूप काळ्या पडलेल्या रुपयाची ग्रेड फोटोवरून एक्सएफपर्यंत सांगता येते, त्याच्या वर फक्त "कमीत कमी इतकी" असं सांगता येतं. फोटो बघून जो छातीठोकपणे "६३" म्हणतो, त्याला एकतर ते नाणं विकायचं असतं किंवा फुकट सल्ला द्यायची हौस असते.

रंगांबद्दल थोडं, कारण फोटोत तेच आधी डोळ्यांत भरतात. सल्फाइडचा थर पातळ असतो तेव्हा तो पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखा वागतो. थराच्या वरून आणि खालच्या चांदीवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि काही रंग मारले जातात. एफईच्या फिजिक्समधलं थिन फिल्म इंटरफिअरन्स, ओरलला हमखास विचारतात ते. जाडी वाढेल तसे रंग ठरल्या क्रमाने येतात : आधी फिका पिवळा, मग तांबूस-जांभळा, मग निळा, मग पुन्हा फिकट आणि दुसऱ्या फेरीत पिवळा, गुलाबी, हिरवा. हे सगळं काही दहा ते काही शे नॅनोमीटरच्या आत घडतं. त्याहून जाड झालं की सल्फाइड स्वतःच प्रकाश गिळायला लागतो आणि उरतो तो काळा.

याचा फोटोत उपयोग असा. कडेपासून मध्यापर्यंत रंग याच क्रमाने उतरत असतील तर थर हळूहळू आणि सलग चढलाय असं मानायला जागा आहे. मधेच क्रम तुटला, निळ्याशेजारी एकदम पांढरं आलं, किंवा अक्षरांची पर्वा न करता डाग पसरले, तर कोणीतरी गंधकाचं रसायन किंवा उष्णता वापरून रंग आणल्याचा संशय घ्यावा. पण क्रम बरोबर म्हणजे रंग जुना, असं मात्र नाही. बनावट थरही थरच असतो, फिजिक्स त्याला वेगळं लागू होत नाही. काही लेखांत हे सोडून दिलेलं असतं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

रंगापेक्षा मला उंचवटे जास्त बोलके वाटतात. खोबणीत काळं आणि भुवई, कान, गाल राखाडी-उजळ, असं दिसलं की थर चढल्यानंतरही नाणं हाताळलं गेलंय. एकच छटा सपाट जागेवरून उंचवट्यावर सलग चढून गेली असेल, तर थर चढल्यानंतर ते घासलं गेलेलं नाही. त्याआधी घासलं होतं का, हे ती छटा सांगत नाही. डोकं तिथेच लावायचं.

आता एक खरी केस. आमच्या मेसमधल्या मामांकडे त्यांच्या आईने ठेवलेले तीन रुपये होते. मुलीची डिप्लोमाची फी भरायची होती, आणि एका व्यापाऱ्याने मोबाईलवर फोटो बघून "काळी पडलीत, मोडीचा भाव देतो" म्हटलं होतं. मामा म्हणाले, "तू बघ रे जरा, मग देऊन टाकतो."

पहिला राणीछाप, १८६२ सालचा. हे साल फसवं आहे. १८७४ पर्यंत रुपयांवर १८६२ हेच साल छापत राहिले, त्यामुळे असे रुपये मुबलक. शिवाय बाराच्या काट्याच्या जागी कडेवर काळपट गुठळी दिसत होती. तिथे कधीतरी डाग देऊन कडी बसवलेली, गळ्यात घालायला. जुन्या घरांतल्या कितीतरी राणीछाप रुपयांचं असं झालेलं असतं, आणि टोनिंग तो डाग छान लपवतं. फोटोत कड नेहमी मोठी करून बघावी ती यासाठी.

दुसरा १९४५ चा, सहाव्या जॉर्जचा. वजन जुन्याइतकंच, एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, पण १९४० पासून रुपयात चांदी निम्मीच. उरलेल्यात बहुतांश तांबं, थोडं निकेल आणि जस्त. म्हणून तो वेगळाच, मातकट तपकिरी पडतो आणि रंगांचा तमाशा क्वचितच करतो. व्यापाऱ्याने तिन्ही एकाच भावात धरले होते. आधीच्या रुपयात अकरा-बारांश, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते, यात ५.८३. मोडीचा भाव द्यायचा तरी हिशेब वेगळा हवा.

तिसरा १९१८ चा, पंचम जॉर्जचा, तव्यासारखा काळा. मामांनी पाठवलेल्या फोटोत काहीच कळत नव्हतं, कारण मोबाईल काळी वस्तू दिसली की स्वतःच उजेड वाढवतो, कडा तीक्ष्ण करतो आणि बारीक पोत "नॉईज" समजून पुसून टाकतो. म्हणजे जे बघायचं तेच गायब. कॉरिडॉरच्या खिडकीशी नाणं ठेवून, उजेड एका बाजूने तिरका घेऊन पुन्हा फोटो काढले. मग कॉम्प्युटरवर लाल, हिरवा, निळा असे चॅनेल वेगळे केले. सिल्व्हर सल्फाइड निळा प्रकाश जास्त गिळतो, लाल कमी. त्यामुळे लाल चॅनेलमध्ये काळ्याखालचा उठाव बराच उजळून येतो. मुकुटातले खडे सुटे दिसले, भुवईचे केस दिसले, कानाची पाळी पूर्ण होती. मी कागदावर लिहून दिलं : "एक्सएफ किंवा वर. झळाळीबद्दल फोटोवरून सांगता येत नाही."

पुढे मामांनी ते नाणं एका जाणकार संग्राहकाला हातात दिलं. त्यांनी दिव्याखाली तिरकं करत फिरवलं. अक्षरांच्या मधल्या आडोशाच्या जागांत काळ्याखालून उजेडाचा पट्टा हलत होता, गालावर आला की विझत होता. एयू, ते म्हणाले, पन्नाशीच्या पुढचं, साठीच्या अलीकडचं. १९१८ चा रुपया दुर्मिळ नाही, त्यामुळे कोणी लखपती झालं नाही. पण मोडीपेक्षा बऱ्यापैकी जास्त मिळाले आणि फीचा एक हप्ता त्यातून गेला. राणीछाप मात्र वजनावरच गेला, आणि ते बरोबरच होतं.

हे जमलं कारण मामांनी नाणी चिंचेने घासली नव्हती. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी घरोघरी काय चालतं ते आपल्याला माहीत आहे : चिंच, राख, भांड्यांची पावडर, आणि नाणं लखलखीत. ती लखलख ओरखड्यांची असते, आरी फिरणाऱ्या झळाळीची नाही. पूजेसाठी वेगळी नाणी ठेवा, देवीची काही हरकत नसावी. बाजारातल्या चांदी उजळायच्या द्रावणांत बहुतेक थायोयुरिया आणि आम्ल असतं. ते सल्फाइड विरघळवतं, आणि सल्फाइडमध्ये गेलेली चांदी नाण्याचीच असते. थर जितका जाड, तितक्या त्या सूक्ष्म रेषा जास्त खाल्लेल्या. म्हणून काळं नाणं धुतल्यावर कधीकधी पांढरं होतं, पण मेलेलं दिसतं. अॅल्युमिनियम फॉईल आणि खाण्याच्या सोड्याचा प्रयोग करणाऱ्यांनाही हेच. केमिस्ट्री सुंदर आहे, सल्फाइडची पुन्हा चांदी होते, सडक्या अंड्याचा वास येतो, सगळा फ्लोअर विचारायला येतो. पण परत आलेली चांदी भुसभुशीत बसते, मूळ पोत काही परतत नाही.

तेव्हा मला फोटो पाठवायचा असेल तर एवढं करा. ट्यूबलाईटच्या बरोबर खाली नको, खिडकीचा किंवा टेबललॅम्पचा तिरका उजेड घ्या. नाण्याशेजारी पांढरा कागद ठेवा, म्हणजे रंग कॅमेऱ्याचा की चांदीचा हे कळेल. फ्लॅश आणि फिल्टर बंद. दोन्ही बाजू, शिवाय कड. नाणं कडेला धरा, अंगठा राजाच्या गालावर ठेवू नका. आणि शक्य असेल तर फोटोबरोबर दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवा, त्यात नाणं दिव्याखाली हळू तिरकं करत न्या. पट्टा फिरतोय का एवढंच मला बघायचं असतं. वजनासाठी केमिस्ट्री लॅबचा काटा आहे, सरांना विचारून. ११.६६ च्या आसपास आलं नाही, तर ग्रेडची चर्चा नंतर करू.