कांदा चाळ काढणीआधी उभी करायची आहे? मग आधी वहीवर पट्ट्या ओढा

एप्रिलमध्ये कांद्याच्या माना पडायला लागतात आणि त्याच वेळी कितीतरी शेतांत चाळीचे नुसते खांब उभे दिसतात. वर पत्रा नाही, वेल्डिंगवाला फोन उचलत नाही आणि पश्चिमेकडून आभाळ भरून आलेलं. मग कांदा ताडपत्रीखाली, नाहीतर मिळेल त्या भावात मार्केटला. दरवेळी पैसे कमी पडले म्हणून असं होतं असं नाही. पैसे असतात, माणसंही असतात, पण कोणतं काम कधी लावायचं हे सगळं तोंडी चाललेलं असतं.

हेच काम कागदावर पट्ट्या ओढून मांडायची एक पद्धत आहे. मोठमोठी बांधकामं करणारे इंजिनिअर ती वापरतात, तिला गँट चार्ट म्हणतात. हेन्री गँट हा अमेरिकेतला इंजिनिअर. १९१० च्या दशकात त्याने हे तक्ते कारखान्यांत वापरात आणले आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात तिकडं लढाईच्या सामानाच्या कामांना ते लावले गेले. त्याच्याही आधी, १८९६ च्या सुमारास, पोलंडच्या कारोल अदामिएत्स्की या इंजिनिअरने जवळपास असाच तक्ता काढला होता, पण नाव गँटचं झालं. ते असो. आपल्याला लागते ती पोरांची चौकटीची वही, पेन्सिल आणि एक लाल पेन.

आता कामाचं बोलू. पहिली गोष्ट अशी की तक्ता सुरुवातीच्या तारखेपासून मांडायचा नाही, शेवटच्या तारखेपासून मागं यायचं. आपल्याकडं बरेच जण पाडव्याचा मुहूर्त धरून नारळ फोडतात आणि मग पुढं बघू म्हणतात. कांदा पुढं बघत नाही. समजा उन्हाळी कांद्याची लागण २० डिसेंबरला केली. साधारण १२० दिवस धरले तर काढणी १९ एप्रिलच्या आसपास येते. काढल्यावर ३-४ दिवस शेतात पातीसकट सुकवणं आणि पात कापल्यावर सावलीत १०-१२ दिवस सुकवणं, म्हणजे भरायला मे उजाडतो हे खरं. पण ती सावली तरी कुठली? चाळीचंच छप्पर झालं असेल तर तीच सावली. शिवाय एप्रिलमधला अवकाळी आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. म्हणून चाळ २० एप्रिलला तयार हवी असंच धरायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे कामं सुटी सुटी लिहायची. "चाळ बांधणे" हे एक काम नाही. २५ टनाची लोखंडी सांगाड्याची चाळ धरली तर आमच्या भागात साधारण असं बसतं: जागा सपाट करून आखणी १ आठवडा, खड्डे आणि पायाचं काँक्रीट १ आठवडा, त्यावर पाणी मारणं २ आठवडे, वेल्डिंगवाल्याकडं नंबर लागेपर्यंत ३ आठवडे, त्याचं सांगाड्याचं काम २ आठवडे, सांगाडा शेतात उभा करायला १, पत्र्याला १ आणि तळ व बाजूच्या बांबू-पट्ट्यांना १ आठवडा. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या मिस्त्रीला आणि वेल्डिंगवाल्याला विचारून तुमचे टाका. बेरीज १२ आठवडे होते. एकामागं एक केलं तर जानेवारीच्या शेवटाला सुरुवात करावी लागेल, आणि तेव्हा कांद्याची खुरपणी, खत, पाणी सगळं अंगावर असतं.

आता वहीत डावीकडं कामं लिहा, वरच्या बाजूला आठवडे १ ते ८. ज्या आठवड्यात जे काम, ती चौकट काळी करा. असं दिसेल:

जागा सपाट, आखणी
■□□□□□□□

खड्डे, पायाचं काँक्रीट
□■□□□□□□

काँक्रीटवर पाणी मारणं
□□■■□□□□

वेल्डिंगवाल्याकडं नंबर
■■■□□□□□

सांगाडा तयार करणं
□□□■■□□□

सांगाडा उभा करणं
□□□□□■□□

पत्रे
□□□□□□■□

तळ आणि बाजू
□□□□□□□■

१२ आठवड्यांचं काम ८ आठवड्यांत बसलं. माणूस एकही वाढवला नाही. वेल्डिंगवाल्याकडं नंबर चालू असताना इकडं पाया होऊन गेला, एवढंच. २० एप्रिलपासून ८ आठवडे मागं गेलं की २३ फेब्रुवारी येते. होळीला मजूर गावी जातात, लाईटचा खोळंबा होतो, त्यासाठी एक आठवडा जास्तीचा धरला की १६ फेब्रुवारी. पाडव्याला सुरुवात करणारा कितीही पळाला तरी का पोचत नाही, ते इथं दिसतं.

आता तक्ता नीट बघा. पायाची तीन कामं मिळून चौथ्या आठवड्यात संपतात, सांगाडा उभा करायचा सहाव्यात. मधे एक आठवडा मोकळा आहे. म्हणजे पायाच्या कामात ४-५ दिवस उशीर झाला तरी चाळीची तारीख हलत नाही. पण वेल्डिंगच्या रांगेत एकही मोकळी चौकट नाही. नंबर, सांगाडा, उभारणी, पत्रे, बाजू असं सगळं एकाला एक चिकटून आहे. यातला एक दिवस गेला की चाळीचा एक दिवस गेला. या चिकटून आलेल्या साखळीला इंजिनिअर लोक क्रिटिकल पाथ म्हणतात. आपण तिला अडीची रांग म्हणू. बहुतेक जण जोर लावतात तो पायावर, कारण ते काम डोळ्यासमोर आपल्या शेतात चालू असतं. दोन मजूर जास्त लावून पाया चार दिवस आधी उरकला तरी चाळ एक तास लवकर होणार नाही. त्यापेक्षा त्या मजुरीचे पैसे वेल्डिंगवाल्याला ॲडव्हान्स देऊन नंबर पक्का करा. मार्चमध्ये त्याच्याकडं ट्रॉल्या, गोठे, चाळी सगळं एकदम येतं.

एक गोष्ट पट्ट्यांत दिसत नाही, ती बाणाने दाखवावी लागते. सांगाड्याचे खांब बोल्टवर बसणार असतील तर पायात गाडायच्या प्लेटा आणि बोल्ट काँक्रीट टाकायच्या दिवशी हातात पाहिजेत. ते बनवणार वेल्डिंगवालाच. त्याचा नंबर चौथ्या आठवड्यात आणि काँक्रीट दुसऱ्यात! म्हणून प्लेटांचं छोटं काम पहिल्याच आठवड्यात मधे करून घ्यायचं आणि वहीत तिथून काँक्रीटकडं बाण काढायचा. एका कामाचं दुसऱ्यावाचून अडतं अशा प्रत्येक ठिकाणी बाण काढा. बाण काढताना अर्ध्या अडचणी आधीच कळतात.

दोन कामांची पट्टी कुणी कितीही सांगितलं तरी आखडू नका. पहिलं पाणी मारणं. साध्या सिमेंटलाही कमीत कमी ७ दिवस लागतात. हल्ली दुकानात बहुतेक पीपीसी मिळतं, त्याला १० दिवस तरी हवेत, वर मार्चचं ऊन. दुसरी आखणी. दोन पाखी चाळ असेल तर लांबी पूर्व-पश्चिम, एक पाखी असेल तर दक्षिणोत्तर ठेवतात. एकदा खड्डे खोदले की चाळ फिरवता येत नाही, त्यामुळं तो एक दिवस शांतपणे द्या.

तक्त्याच्या खाली आणखी एक ओळ वाढवा, पैशाची. लोखंडाचे पैसे पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, सिमेंट-खडी दुसऱ्यात, पत्रे सहाव्याच्या आत. म्हणजे लाल कांद्याची पट्टी, दुधाचं बिल किंवा सोसायटीचं कर्ज कधी हातात यायला हवं ते कळतं. उसनवारी करायची झाली तरी आठ दिवस आधी सांगता येते.

अनुदानातून चाळ करणाऱ्यांनी तक्त्याच्या सगळ्यात वर एक तुटक रेघ काढावी. महाडीबीटीवर अर्ज, निवड, कागदपत्रं आणि मग पूर्वसंमती. पूर्वसंमती हातात येण्याआधी बांधकामाला सुरुवात केली तर अनुदान अडकतं. या रेघेची लांबी आपल्या हातात नाही, म्हणून अर्ज आदल्या हंगामातच टाकलेला बरा. फेब्रुवारीत अर्ज करून एप्रिलची चाळ धरू नका.

हीच वही ग्रामपंचायतीच्या कामालाही चालते. रस्ता असो की पाण्याची टाकी, फलकावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते, मधलं काही नसतं. ग्रामसभेत ठेकेदाराकडून आठवड्यांचा असा तक्ता मागितला तर तिसऱ्या आठवड्यातच विचारता येतं की टाकीचा पाया कुठवर आला. मुदत संपल्यावर विचारून नुसती भांडणं होतात.

मोबाईलवर यासाठी ॲप आहेत, पण भिंतीवर कालनिर्णयशेजारी टांगलेला कागद घरातल्या सगळ्यांना दिसतो. त्याचा फोटो मिस्त्री आणि वेल्डिंगवाल्याला व्हॉट्सॲपवर टाका. आपल्यामुळं पुढचं कुणाचं काम अडणार आहे हे त्यांना दिसलं की बोलणं सोपं होतं. दर रविवारी लाल पेनाने खरं किती झालं ते काळ्या पट्टीखाली ओढा. लाल रेघ मागं पडली तर ती अडीच्या रांगेत आहे का एवढंच आधी बघा. नसेल तर झोपा. असेल तर त्याच दिवशी हालचाल करा. समजा सांगाडा एक आठवडा लांबला, तर वेल्डिंगवाल्याला सांगा की सगळं एकदम नको, निम्म्या चाळीचे खांब आणि कैच्या आधी दे. तोवर बांबू मापात कापून ठेवता येतात. १९ एप्रिलला निम्म्या चाळीवर पत्रा असला तरी पहिल्या दोन-तीन दिवसांत काढलेला कांदा त्याखाली सुकायला टाकता येतो.