सरपणाचा हिशेब

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मुख्य गरजा होत, असे आपण लहानपणापासून पाठ करीत आलो आहोत. या यादीत एक गरज राहून गेली आहे. घरात तांदूळ आहेत, डाळ आहे, पाणीही आहे. परंतु चुलीत घालावयास काही नाही, तर त्या घरातील मुलांना उपाशीच निजावे लागेल. कच्चे तांदूळ खाऊन कोणाचे पोट भरत नाही. जळण ही अन्नाच्या पोटात दडलेली गरज आहे, आणि म्हणूनच ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

जळण मिळविण्याची तऱ्हा मुलखापरत्वे बदलते. विदर्भात कापसाची वेचणी संपली की शेतातील पऱ्हाट्या उपटून घराशेजारी रचून ठेवतात. मराठवाड्यात तुराट्या जाळतात. कोकणात नारळाच्या वाळलेल्या झावळ्या आणि करवंट्या चुलीत जातात. शेणाच्या गोवऱ्या तर सगळीकडेच थापल्या जातात. एवढ्याने भागले नाही, म्हणजे डोंगरावर जाऊन मोळी आणावी लागते. आणि हे काम बहुतेक घरी बायकांच्या व मुलींच्या वाट्यास येते. मोळीला गेलेल्या मुलीचा शाळेच्या हजेरीपटातील त्या दिवसाचा रकाना रिकामा राहतो. असे सरपण फुकट मिळते, असे म्हणण्याची पद्धत आहे. ज्याने डोक्यावर मोळी घेऊन घाट उतरलेला नाही, त्यालाच ते फुकट वाटते.

थंड देशांत या गरजेचे रूप निराळे असते. इंग्लंडमध्ये स्वयंपाकापेक्षा घर ऊबदार ठेवण्यासच अधिक इंधन लागते. तेथील गरीब कुटुंबांना हिवाळ्यात पुष्कळदा पोटभर जेवावे की खोली गरम करावी, असा पेच पडतो. ब्रेंडा बोर्डमन या विदुषीने १९९१ साली या स्थितीवर एक ग्रंथ लिहिला. घर पुरेसे ऊबदार ठेवण्यासाठी ज्या कुटुंबास आपल्या मिळकतीच्या दहाव्या हिश्शाहून अधिक खर्च करावा लागेल, त्या कुटुंबास इंधनाचे दारिद्र्य आहे असे समजावे, असे माप तिने घालून दिले. तिचे म्हणणे असे की, नुसते पैसे देऊन हे दारिद्र्य हटत नाही. ज्या भिंतींतून आणि खिडक्यांतून ऊब निसटून जाते, त्या भिंती व खिडक्या सुधारल्या पाहिजेत. आपल्याकडे भिंतींच्या जागी चूल धरली, म्हणजे तोच विचार आपल्यालाही लागू पडतो.

आता थोडे गणित करू. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास जी उष्णता लागते, तिला एक किलोकॅलरी म्हणतात. समजा, आपल्याला पाच लिटर पाणी उकळावयाचे आहे आणि ते आरंभी २५ अंशांवर आहे. म्हणजे तापमान ७५ अंशांनी वाढवावयाचे. पाचाने ७५ ला गुणले असता ३७५ येतात. तेवढ्या किलोकॅलरी आपल्याला हव्यात. एक किलो वाळलेल्या लाकडात सुमारे ३,७५० किलोकॅलरी उष्णता असते, असे धरू. मग हे पाणी उकळण्यास शंभर ग्रॅम लाकूड, म्हणजे हातभर लांबीच्या दोन-तीन बारीक काटक्या पुरावयास हव्यात. परंतु तीन दगडांच्या चुलीवर प्रत्यक्ष हे काम करून पाहिले, तर जवळजवळ किलोभर लाकूड खर्ची पडते! दहा हिश्शांपैकी एक हिस्सा तेवढा पातेल्यात शिरला. उरलेले नऊ गेले कोठे?

काही भाग दगडांना आणि जमिनीला तापविण्यात गेला. काही वाऱ्याने उडवून नेला. पुष्कळशी गरम हवा पातेल्याच्या कडेने वर निघून छपराकडे गेली. लाकूड ओले असेल, तर आधी त्यातील पाण्याची वाफ करावी लागते. एक लिटर उकळत्या पाण्याची वाफ करण्यास ५४० किलोकॅलरी लागतात, आणि नुकत्याच तोडलेल्या लाकडात कित्येकदा निम्मे वजन पाण्याचेच असते. म्हणून जाणत्या गृहिणी पावसाळ्यापूर्वीच सरपण वाळवून माळ्यावर रचतात.

याशिवाय एक हिस्सा धुराच्या रूपाने जातो. धूर म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. लाकूड तापले की त्यातून निरनिराळे वायू बाहेर पडतात. हे वायू पेटले म्हणजे ज्वाला दिसते. ते पूर्णपणे जळण्यास भरपूर हवा आणि भरपूर उष्णता अशी दोन्ही हवीत. चुलीत लाकडे कोंबून भरली, राख साचली, हवेला वाट उरली नाही, की ते वायू अर्धवट जळून बाहेर येतात. तोच धूर होय. तात्पर्य, धूर हे न जळलेले सरपणच आहे. मोठ्या कष्टाने डोंगरावरून आणलेली मोळी डोळ्यांदेखत छपरातून निघून जाते, आणि जाता जाता स्वयंपाक करणारीच्या डोळ्यांतून पाणी काढते.

पाणी काढून ती थांबती, तर एक वेळ सोसले असते. धुरातील अतिसूक्ष्म कण श्वासावाटे फुप्फुसात खोल उतरतात. चुलीजवळ रोज कित्येक तास बसणाऱ्या स्त्रियांना जुनाट खोकला आणि दमा जडतो, मोतीबिंदूचा धोका वाढतो. मांडीवरच्या तान्ह्या मुलांना न्यूमोनिया होतो. घरातील धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आगीत भाजून माणूस मेला की गाव हळहळते. धुराने मेलेल्याच्या मृत्यूला मात्र धुराचे नाव क्वचितच मिळते.

चूल सुधारण्याचे प्रयत्न आपल्या देशात बरेच जुने आहेत. वर्ध्यास मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम चालत असे. तेथे तयार झालेली 'मगनचूल' १९४७ च्या सुमारास लोकांपुढे आली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी धूर न होणारी चूल बनविली आणि कोट्यवधी लोकांची स्वयंपाकघरे निर्धूर कशी करता येतील, यावर १९५३ साली एक पुस्तिकाही प्रसिद्ध केली. या चुलींची युक्ती साधी होती. चूल चोहो बाजूंनी बंद करावयाची. पुढच्या भांड्याखाली जाळ करावयाचा. तेथून निघालेली गरम हवा मातीच्या नळीतून मागच्या वैलाखाली न्यावयाची, म्हणजे एकाच जाळावर भात आणि आमटी दोन्ही होतात. शेवटी उरलेला धूर धुराड्यावाटे घराबाहेर सोडून द्यावयाचा. पुढे लाकडाखाली लोखंडी जाळी बसविण्याची सुधारणा झाली. जाळीतून राख खाली पडते आणि हवा वर येते, त्यामुळे फुंकणीचे काम हलके होते.

डिसेंबर १९८३ मध्ये भारत सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ पर्यंत चालला, आणि तेवढ्या काळात सुमारे साडेतीन कोटी चुली बसविण्यात आल्या. हा आकडा ऐकून वाटेल की, देशातला धूर आता संपलाच असेल. तसे झाले नाही. कित्येक चुली वर्ष-दोन वर्षांतच मोडल्या, किंवा घरच्या माणसांनीच त्या फोडून टाकल्या. याची कारणे पाहण्यासारखी आहेत. काही चुलींचे तोंड इतके अरुंद होते की, मोठी लाकडे बारीक फोडल्याखेरीज आत जात नसत; म्हणजे धूर वाचला, पण कुऱ्हाडीचे काम वाढले. कोठे वैलाचा आकार घरच्या भांड्यांशी जुळत नसे, कोठे भाकरी शेकावयास निखारे पुढे ओढण्याची सोय नसे. धुराडे काजळीने भरले की ते साफ करावे लागते, हे कित्येकांना सांगितलेलेच नव्हते. चूल बसविण्याचा आकडा सरकारी वहीत लिहिला जाई. ती वर्षभरानंतर पेटते की नाही, याची चौकशी फारशी होत नसे. जिला त्या चुलीपुढे बसावयाचे, तिला आधी विचारावे, ही गोष्ट शहाण्या माणसांनाही उशिरा सुचली. पुण्याच्या आरती या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने पुढे कुंभारांना साचे देऊन चुली घडविण्यास शिकविले. त्यांपैकी दोन वैलांची आणि धुराड्याची 'लक्ष्मी' चूल महाराष्ट्रात बरीच माहीत झाली.

याच संस्थेचा दुसरा उपक्रम आपल्या उसाच्या मुलखाशी निगडित आहे. ऊस तोडल्यावर शेतात पाचटाचा थर पडून राहतो. पुष्कळ शेतकरी त्याला तेथेच काडी लावतात. रात्रभर शिवार धडधडते आणि सकाळी नुसती राख उरते. डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या या संस्थेने ते पाचट बंद पिंपात, हवा न लागू देता भाजून त्याचा कोळसा करण्याची रीत बसविली. त्या कोळशाची भुकटी खळीसारख्या चिकट पदार्थात मळून कांड्या पाडतात. या कांड्या धूर न करता सावकाश जळतात. या कामाबद्दल २००२ साली संस्थेला इंग्लंडमधील अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला.

आता गॅसकडे वळू. गॅसच्या शेगडीत निम्म्याहून अधिक उष्णता भांड्याला मिळते, आणि धूर होत नाही. गरीब घरांतील स्त्रियांच्या नावे गॅसची जोडणी देणारी उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे सुरू झाली. तिची आठ कोटींवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात देण्यात आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरे २०१५-१६ मध्ये शेकडा ४४ होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती शेकडा ५९ झाली.

परंतु जोडणी मिळणे निराळे आणि शेगडी रोज पेटणे निराळे. उज्ज्वलेतील कुटुंबे वर्षाकाठी सरासरी तीनच्या आसपास सिलिंडर घेतात, असे महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालात आढळून आले. पाच-सहा माणसांच्या घराला तीन सिलिंडर वर्षभर कसे पुरणार? तेव्हा पाहुणे आले किंवा पाऊस लागला की शेगडी, एरवी चूल, असा प्रकार चालू राहतो. यात त्या बाईचा अडाणीपणा नाही. तिचा हिशेब अगदी बरोबर असतो. मोळीला रोख पैसे पडत नाहीत. सिलिंडरला मात्र सगळी रक्कम एकदम मोजावी लागते, आणि रोजंदारीवर जगणाऱ्या घरात एवढी रक्कम एका ठिकाणी क्वचितच साठते. सरकारने २०२२ साली या कुटुंबांना सिलिंडरमागे २०० रुपयांची सवलत दिली व २०२३ मध्ये ती ३०० रुपये केली, ती याच कारणासाठी.

हीच अडचण दिव्याच्या बाबतीतही येते. साठ वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास लावला, तर महिन्यास नऊ युनिट वीज जळते. तेवढाच उजेड देणारा नऊ वॅटचा एलईडी दिवा सव्वा-दीड युनिटात भागवितो. मग सर्वांनी तो आधीच का घेतला नाही? कारण तो महाग होता. स्वस्त बल्ब घेऊन महाग बिल भरणे हे गरिबाच्या कपाळी येते, कारण काटकसर करावयासही आधी गाठीला पैसा लागतो. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत सरकारी कंपनीने लाखो दिवे घाऊक विकत घेतले. त्यामुळे जो दिवा कंपनीला प्रथम ३१० रुपयांना पडत होता, तो दोन-तीन वर्षांत चाळीस रुपयांच्या आत आला. शिवाय कित्येक ठिकाणी दिव्याची किंमत बिलातून दरमहा थोडी थोडी वळती करून घेतली. अशा रीतीने छत्तीस कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. चुलीच्या बाबतीत जे जमले नाही ते येथे जमले; कारण दिवा बदलला तरी घरच्या माणसांना आपली कोणतीच सवय बदलावी लागली नाही.

योजनांची वाट न पाहता घरच्या घरी करण्यासारख्या गोष्टीही आहेत. भांड्यावर झाकण ठेवावे. डाळ शिजत घालण्यापूर्वी भिजवावी. पाण्याला उकळी फुटली की जाळ कमी करावा. कारण पाणी कितीही खदखदले, तरी उघड्या भांड्यात ते शंभर अंशांपलीकडे तापत नाही, जास्तीच्या जाळाची नुसती वाफ होते. प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडल्याने पाणी १२० अंशांपर्यंत तापते, म्हणून त्यात डाळ लवकर शिजते.

एक युक्ती मात्र तुम्ही आईच्या मदतीने अवश्य करून पाहा. महायुद्धांच्या काळात इंधनाची टंचाई पडली, तेव्हा युरोपातील गृहिणींनी ती घरोघर वापरली होती. अन्न शिजण्यास सतत जाळ लागत नाही. ते पुरेसे गरम राहिले म्हणजे पुरते. एखादी मोठी टोपली किंवा खोके घ्या. तळाशी वीतभर भाताचा पेंढा किंवा तूस भरा. भिजवलेली मुगाची डाळ पातेल्यात दहा मिनिटे चांगली उकळून, झाकण न काढता ते पातेले खोक्यात ठेवा. चोहो बाजूंनी पेंढा दाबून भरा आणि वरून जुनी गोधडी घट्ट लपेटा. पेंढ्याच्या काड्यांत हवा अडकून बसते, आणि अडकलेल्या हवेतून उष्णता फार सावकाश बाहेर जाते. दीड-दोन तासांनी पातेले काढा. तोवर मध्ये उघडून पाहण्याचा मोह आवरावा लागतो, नाही तर ऊब निघून जाते. डाळ मऊ शिजलेली असेल. मात्र ती कोमट झालेली आढळली, तर पुन्हा एक उकळी आणूनच वाढावी.