प्रोग्रामिंग न शिकता साहसखेळाची रचना

संगणकावरचे खेळ म्हटले की पालकांच्या कपाळावर आठी पडते. ती आम्ही समजू शकतो. मात्र खेळत बसणे निराळे आणि खेळ रचणे निराळे. रचायचा तर इंग्रजी हवे, सायन्सला असायला हवे, या समजुतीने मराठी माध्यमाचे, आर्ट्‌सचे आपले विद्यार्थी दारातूनच मागे फिरतात. म्हणून हा विषय येथे घेतला आहे.

साहसखेळाचा उगम एका खऱ्या गुहेत आहे. अमेरिकेतील केंटकी राज्यात मॅमथ केव्ह ही प्रचंड गुहा आहे. तिच्या वाटांचे नकाशे करणाऱ्यांपैकी विल क्राउदर हे संगणकाचे जाणकार. १९७५-७६ च्या सुमारास त्यांनी आपल्या मुलींसाठी एक खेळ लिहिला. चित्र एकही नाही, सारा मजकूर. वाचायचे आणि कोठे जायचे ते टाइप करायचे. १९७७ मध्ये डॉन वुड्स यांनी त्यात भर घातली. तो फोरट्रान भाषेत लिहावा लागला होता. पुढे १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये 'द क्विल' निघाले आणि प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही घरच्या संगणकावर असा खेळ रचता येऊ लागला.

आज आम्ही सुचवू ते साधन 'ट्वाइन'. ख्रिस क्लायमस यांनी ते २००९ मध्ये आणले. ते मोफत आहे व ब्राउझरमध्येच चालते. पडद्यावर चौकटी मांडायच्या. एक चौकट म्हणजे एक प्रसंग. समजा, आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेली कान्हेरीची लेणी घेतली. तेथे शंभराहून अधिक लेणी आहेत, खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत, दात्यांची नावे सांगणारे ब्राह्मी शिलालेख आहेत. पहिल्या चौकटीत लिहा: 'पाऊस सुरू झाला आहे. समोर चैत्यगृह, बाजूला पायऱ्या.' मग दुहेरी कंसात पर्याय द्या: [[चैत्यगृहात शिरा]] आणि [[पायऱ्या चढा]]. त्या नावांच्या नव्या चौकटी आपोआप तयार होऊन बाणाने जोडल्या जातात. मुख्य काम एवढेच. देवनागरी त्यात बिनतक्रार चालते.

'टाक्यातील पाणी भरून घेतले असेल तरच पुढचा प्रसंग' अशी अट घालायची तर मात्र एक-दोन ओळींची सूत्रे शिकावी लागतात; 'प्रोग्रामिंग नको' हे म्हणणे तेथे थोडे सैल पडते. पहिल्या खेळात ही अट नकोच.

खरी अडचण निराळीच आहे. प्रत्येक ठिकाणी दोन पर्याय दिले तर वाटा दोन, चार, आठ अशा वाढत पाचव्या पायरीला बत्तीस होतात. तेव्हा काही वाटा पुढे एकत्र आणाव्याच लागतात. पण त्याआधी एकीवर शिलालेख भेटावा, दुसरीवर टाके. नाही तर खेळणाऱ्याला निवड दिल्याचा नुसता देखावा होतो. म्हणून आधी कागद-पेन्सिल घ्यावी, नकाशा काढावा, मगच संगणकापाशी बसावे.

ब्राउझरमधील काम त्याच संगणकात राहते. शाळेच्या किंवा दुसऱ्याच्या संगणकावर बसणाऱ्यांनी उठण्यापूर्वी तयार खेळाची फाइल पेन ड्राइव्हवर घ्यावी. ही एकच एचटीएमएल फाइल मोबाइलवरही इंटरनेटशिवाय उघडते, आणि पुन्हा ट्वाइनमध्ये घेऊन पुढे वाढवताही येते.